चित्रातून संगीताकडे : अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील वाद्यवृंद आणि कक्षसंगीताची रचना – एक ऐतिहासिक आकलन

बीजसंज्ञा : अजिंठा, महाजनक जातक, वृंद, कक्षसंगीत, रागमाला, चित्रकथी, चेरेप्निन.

१. प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात वसलेल्या केदारखेडा या गावावरून भोकरदन-सिल्लोडमार्गे अजिंठ्यास जाता येते. ज्या तालुक्यात हे गाव आहे त्या तालुक्याचे ठिकाण भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगराचा उल्लेख आढळतो आणि येथील उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेची तुलना इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या प्रतिमेशी केली जाते. तात्पर्य, आज ज्यास आपण मागास व अवर्षणग्रस्त प्रदेश म्हणतो तो एके काळी कलांच्या देवाणघेवाणीचा राजमार्ग होता. या परिसरातील बहुतेक विद्यार्थी शालेय सहलीच्या निमित्ताने अजिंठा पाहतात. पद्मपाणी बोधिसत्त्व, हंस, कमळे, छतावरील नक्षी त्यांच्या लक्षात राहते. मात्र पहिल्या लेण्यातील एका भिंतीवर काही स्त्रिया बासरी, टाळ व चर्मवाद्ये वाजवीत आहेत, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानात राहते. त्या काय वाजवीत असाव्यात, हा प्रश्न तर विचारलाही जात नाही.

प्रस्तुत शोधनिबंध या दुर्लक्षित प्रश्नापासून सुरू होतो. चित्रावरून संगीत रचता येते काय, येत असल्यास चित्रातून नेमके काय घेता येते आणि काय घेता येत नाही, या प्रश्नांचा विचार अजिंठ्याच्या संदर्भात करण्याचा हा प्रयत्न आहे. पाश्चात्त्य संगीतात ज्यास 'चेंबर म्युझिक' म्हणतात त्यासाठी येथे 'कक्षसंगीत' हा शब्द योजला आहे. मोजके वादक, प्रत्येकाचा स्वतंत्र स्वर आणि एका खोलीत मावेल एवढाच श्रोतृवर्ग, हे त्याचे स्थूल स्वरूप होय.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भारतीय परंपरेत चित्र व संगीत यांच्या संबंधाची दिशा कोणती होती हे पाहणे. (२) अजिंठा व औरंगाबाद लेण्यांतील वाद्यवृंदांचे साक्षीमूल्य तपासणे. (३) अजिंठ्याच्या चित्रांवरून विसाव्या शतकात झालेल्या संगीतरचनेचा ऐतिहासिक मागोवा घेणे. (४) आजच्या रचनाकारासाठी काही तत्त्वे सुचविणे.

निबंधाची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे. अजिंठ्याच्या काळातील स्वरलिपी उपलब्ध नाही. त्यामुळे त्या काळचे संगीत 'पुन्हा ऐकविण्याचा' कोणताही दावा येथे अभिप्रेत नाही.

३. संगीताकडून चित्राकडे : परंपरेची दिशा

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील वज्र राजा व मार्कंडेय ऋषी यांचा संवाद प्रसिद्ध आहे. राजाला मूर्ती घडविण्याचे शास्त्र शिकावयाचे असते. त्यासाठी आधी चित्र, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन जाणावे लागेल, असे ऋषी त्यास क्रमाने सांगतात. या शृंखलेत गायन हे मूळ आहे आणि चित्र हे त्यावरील शाखा आहे. गायन येत नसलेला मनुष्य चांगला चित्रकार होऊ शकत नाही, ही धारणा त्यामागे दिसते.

पुढील काळात हीच दिशा अधिक स्पष्ट झाली. रागांची ध्यानरूपे सांगणारे श्लोक रचले गेले आणि त्यांवरून रागमाला चित्रे निर्माण झाली. या घडामोडींत आपल्या प्रदेशाचा वाटा मोठा आहे. खानदेशच्या फारुकी दरबाराशी संबंधित असलेल्या पुंडरीक विठ्ठलाने १५७६ साली 'रागमाला' हा ग्रंथ लिहिला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमध्ये रागमाला चित्रांची उत्कृष्ट निर्मिती झाली. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) हा स्वतः गीतकार, वादक व चित्रकलेचा आश्रयदाता होता. त्याच्या 'किताब-ए-नौरस'मधील पदे निरनिराळ्या रागांत बांधलेली आहेत.

या सर्व उदाहरणांत राग आधी आहे व चित्र नंतर. ऐकलेले दाखविणे हे चित्रकाराचे काम होते. पाहिलेले ऐकविणे हे काम परंपरेने शास्त्रकारांच्या ग्रंथांत कोठे स्वतंत्रपणे मांडलेले दिसत नाही. म्हणूनच चित्रावरून संगीत रचण्याचा विचार करणाऱ्यास प्रवाहाच्या उलट दिशेने जावे लागते. तो मार्ग निषिद्ध नाही. परंतु आपण उलट दिशेने निघालो आहोत याचे भान त्यास असावयास हवे.

४. भिंतीवरील वृंद

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील डाव्या भिंतीवर महाजनक जातकाची कथा रंगविलेली आहे. हे लेणे वाकाटक काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. कथा थोडक्यात अशी : मिथिलेचा राजा महाजनक उद्यानात दोन आम्रवृक्ष पाहतो. फळांनी लगडलेला वृक्ष लोकांनी ओरबाडून टाकलेला असतो, तर निष्फळ वृक्ष सुखाने उभा असतो. संपत्ती हेच दुःखाचे कारण आहे हे उमगून राजा गृहत्यागाचा निश्चय करतो. राणी सीवली त्यास रोखू पाहते. चित्रात राजप्रासादातील स्तंभयुक्त दालन आहे, राजा व राणी बसलेली आहेत, मधोमध अलंकारांनी नटलेली नर्तकी आहे आणि तिच्या भोवती स्त्री-वादकांचा मेळा आहे. पुढील दृश्यांत राजा राजद्वारातून बाहेर पडताना दिसतो.

हा वृंद लहान आहे. तो रणांगणावरचा नाही, मिरवणुकीतला नाही, मंदिराच्या प्रांगणातलाही नाही. तो एका दालनात बसलेला आहे. कक्षसंगीताची जी व्याख्या वर दिली ती या दृश्यास शब्दशः लागू पडते. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात याच स्वरूपाचे एक शिल्प आहे. मध्यभागी नर्तकी व तिच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी तीन अशा सहा स्त्री-वादक तेथे आहेत. सहाव्या शतकातील हे शिल्प छत्रपती संभाजीनगर शहराच्या सीमेवर आजही पाहता येते. चित्रात व शिल्पात एकच मांडणी आढळते, यावरून स्त्रियांचा असा लहान वृंद ही त्या काळातील परिचित गोष्ट असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

याच प्रदेशात तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायात वृंदांचे प्रकार सांगितले आहेत. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ सहगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक व ४ मृदंगवादक, असे एकूण ३२ कलावंत असतात. मध्यम वृंद याच्या निम्मा असतो आणि कनिष्ठ वृंद त्याहूनही लहान. संगीत किती जणांनी करावे, याचा हिशोब आपल्याकडे शास्त्रात मांडलेला होता, हे यावरून दिसते. शार्ङ्गदेव यादवांच्या दरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता, ही बाब येथे सहज आठवते.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. अजिंठ्याचे चित्र व संगीतरत्नाकर यांच्यात सुमारे ८०० वर्षांचे अंतर आहे. ग्रंथातील आकडे भिंतीवरील वृंदास लावणे म्हणजे आजच्या पंचायतीचे नियम यादवकाळास लावण्यासारखे होईल. गुप्तकाळात प्रचलित असलेली धनुष्याकृती वीणा, जी समुद्रगुप्ताच्या नाण्यावर दिसते, ती पुढे भारतातून जवळजवळ नाहीशी झाली. सतार, सरोद व तबला ही वाद्ये तर कित्येक शतकांनंतरची आहेत. रागाची शास्त्रीय मांडणी प्रथम करणारा मतंगाचा 'बृहद्देशी' हा ग्रंथही अजिंठ्यानंतरचा मानला जातो. माहितीपटांत अजिंठ्याच्या दृश्यांमागे सतार वाजते तेव्हा ते श्रवणीय असते, पण ऐतिहासिक नसते.

५. चित्रावरून रचना : दोन पाश्चात्त्य नमुने

चित्रावरून संगीत रचण्याचा प्रघात युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजला. रशियन रचनाकार मोदेस्त मुसोर्गस्की याचा मित्र, वास्तुकार व चित्रकार व्हिक्टर हार्टमान १८७३ साली निधन पावला. पुढील वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याच्या चित्रांचे स्मृतिप्रदर्शन भरले आणि त्यावरून मुसोर्गस्कीने १८७४ साली 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' ही पियानोवरील रचना केली. १९२२ साली मॉरिस राव्हेल याने तिचे वाद्यमेळासाठी रूपांतर केले. या रचनेत चित्रांच्या दरम्यान एक 'फेरफटका' पुन्हा पुन्हा येतो. प्रेक्षक एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जातो ती चाल संगीतात उमटते. म्हणजेच रचनाकाराने चित्रांबरोबर पाहणाऱ्यासही संगीतात स्थान दिले.

दुसरा नमुना अमेरिकन रचनाकार मॉर्टन फेल्डमन याचा आहे. ह्यूस्टन येथील अष्टकोनी प्रार्थनागृहात मार्क रॉथको याची १४ मोठी, गडद चित्रे आहेत. रॉथको १९७० साली वारला आणि प्रार्थनागृह १९७१ साली खुले झाले. त्यासाठी फेल्डमनने लिहिलेली 'रॉथको चॅपेल' ही रचना १९७२ साली सादर झाली. तीत गायकवृंद, व्हायोला, सेलेस्टा व तालवाद्ये एवढाच संच आहे. या चित्रांत कथा नाही, पात्रे नाहीत. फेल्डमनने त्यांतील संथपणा, रिकामी जागा व अत्यंत मंद बदल घेतले. ज्या खोलीत चित्रे टांगली होती ती खोलीच त्याच्या रचनेचे माप ठरली.

या दोन नमुन्यांवरून एक गोष्ट लक्षात येते. दोघांनीही चित्रातील वस्तूंचे आवाज काढण्यावर भर दिला नाही. एकाने पाहण्याची क्रिया घेतली, दुसऱ्याने चित्राचा अवकाश घेतला.

६. प्रतिकृतींचा प्रवास आणि १९२३चे 'अजिंठा'

अजिंठ्याची चित्रे जगासमोर आली ती प्रामुख्याने प्रतिकृतींच्या रूपाने. १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस ही लेणी पडली. रॉबर्ट गिल याने १८४४पासून अनेक वर्षे येथे राहून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्याच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही बऱ्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती तरुण भारतीय चित्रकारांच्या साहाय्याने केलेल्या प्रतिकृती लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ साली प्रसिद्ध केल्या. या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे चित्रकार विल्यम रॉथेनस्टाइन यांनी स्वतः अजिंठ्यास भेट दिली होती.

या पार्श्वभूमीवर रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा १९२२च्या अखेरीस पूर्वेकडील दौऱ्यात भारतात आली. सप्टेंबर १९२३मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन रंगमंचावर तिच्या संघाने 'अजिंठाज फ्रेस्कोज' हे बॅले सादर केले. नृत्यरचना इव्हान क्लुस्टिन याची होती आणि संगीत अलेक्झांडर चेरेप्निन याचे. चेरेप्निनचा जन्म १८९९ सालचा. म्हणजे तो त्या वेळी जेमतेम २४ वर्षांचा होता आणि क्रांतीनंतर रशिया सोडून दोनच वर्षांपूर्वी पॅरिसला आला होता. अजिंठ्याच्या चित्रांच्या नावाने युरोपात रंगमंचावर आलेली ही महत्त्वाची संगीतरचना होय.

ही रचना कक्षसंगीत नव्हती. ती मोठ्या रंगमंचासाठी होती आणि तिचे शरीर युरोपीय वाद्यमेळाचे होते. भिंतीवर दालनात बसलेला स्त्रियांचा लहान वृंद लंडनला पोहोचेपर्यंत भव्य झाला होता. त्याबद्दल त्या तरुण रचनाकारास दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर नृत्यनाट्याची मागणी होती. परंतु लेण्यातून प्रतिकृतीत, प्रतिकृतीतून ग्रंथात आणि ग्रंथयुगाच्या कुतूहलातून रंगमंचावर, अशा प्रवासात मूळ चित्राचे प्रमाण हरवते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे.

त्याच हंगामात पाव्हलोव्हाच्या 'ओरिएंटल इम्प्रेशन्स' या कार्यक्रमात उदय शंकर हा भारतीय तरुण तिच्यासोबत राधा-कृष्ण नृत्यात सहभागी झाला. तो जे. जे. कलाशाळेचा व नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा चित्रकलेचा विद्यार्थी होता आणि तेथे रॉथेनस्टाइन हे त्याचे प्राचार्य होते. पुढे ॲलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीच्या सहकार्याने त्याने स्वतःचा संघ उभारला. मार्च १९३१मध्ये पॅरिस येथे त्या संघाचा पहिला मोठा प्रयोग झाला. या संघात सरोदवादक तिमिर बरन यांच्यासोबत विष्णुदास शिराली होते. शिराली हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यपरंपरेत घडलेले संगीतकार. शिल्प व चित्रांतून स्फुरलेल्या देहबोलीस मोजक्या भारतीय वाद्यांची साथ रचणे, हे काम शिरालींनी पुढे अनेक वर्षे केले. १९४८ सालच्या 'कल्पना' या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. चेरेप्निनच्या मोठ्या वाद्यमेळाकडून शिरालींच्या लहान वृंदाकडे येताना आपण अजिंठ्याच्या दालनाच्या मापाजवळ पुन्हा येतो.

७. घरातील दाखला : चित्रकथी

तिसऱ्या विभागात म्हटल्याप्रमाणे शास्त्रग्रंथांतील दिशा संगीताकडून चित्राकडे आहे. लोकपरंपरेत मात्र उलट दिशेचा एक ठळक दाखला महाराष्ट्रातच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजातील चित्रकथी परंपरेत कागदावर रंगविलेल्या चित्रांचा संच असतो. त्यास पोथी म्हणतात. सादरकर्ता एकामागून एक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि त्यावरील प्रसंग गातो व सांगतो. साथीस वीणा, टाळ व हुडुक अशी मोजकी वाद्ये असतात. या परंपरेचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ज्या चित्रशैलीस अभ्यासक 'पैठण शैली' म्हणतात तिचे या चित्रांशी निकटचे साम्य आहे आणि पैठण हे तर आपल्या मराठवाड्यातीलच.

चित्रकथीत चित्र बदलले की पद बदलते. चित्र हेच संहितेचे पान असते. मुसोर्गस्कीने प्रदर्शनात चालत जाणारा प्रेक्षक कल्पिला. चित्रकथीत प्रेक्षक बसलेला असतो आणि चित्र त्याच्याकडे चालत येते. चित्रावरून लहान वृंदाचे संगीत उभे करण्याची रीत आपणास सर्वस्वी परकी नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

८. रचनाकाराने काय घ्यावे?

पहिल्या लेण्यातील दृश्याकडे आता पुन्हा वळू. वादक स्त्रिया वाजवीत आहेत, नर्तकी नाचते आहे. हे संगीत राजाचे मन रमविण्यासाठी आहे, असा या दृश्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. परंतु कथा जाणणाऱ्यास ठाऊक असते की राजाचा निश्चय झालेला आहे. म्हणजे जे संगीत चालू आहे ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एकाच दालनात दोन काळ नांदत आहेत : एक तालाचा व दुसरा निरोपाचा. ही या चित्रातील खरी संगीतविषयक सामग्री आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. बासरी कोणत्या स्वरात होती हे चित्र सांगत नाही. पण वृंद व श्रोता यांच्यात पडलेले अंतर ते अचूक सांगते. पाच-सहा वादकांच्या रचनेत हे अंतर दाखविता येईल. ताल धरणारे वादक आपल्या आवर्तनात राहतील आणि एकच स्वर हळूहळू त्यातून सुटत जाईल. यासाठी शंभर वाद्यांची गरज नाही. किंबहुना एवढ्या गर्दीत एकाचे निघून जाणे ऐकूही येणार नाही.

अजिंठ्याच्या कथाचित्रांचे आणखी एक वैशिष्ट्य येथे उपयुक्त ठरते. त्यांत प्रसंगांची मांडणी नेहमीच काळाच्या क्रमाने होत नाही. अनेकदा ती स्थळानुसार होते. राजवाड्यातील प्रसंग एका भागात, अरण्यातील प्रसंग दुसऱ्या भागात येतात. पाहणाऱ्याची दृष्टी मागे-पुढे फिरते. संगीतरचनेतही आरंभ-मध्य-शेवट या सरळ रेषेऐवजी एका 'स्थळा'कडे पुन्हा परतण्याची योजना करता येते. धृपदाकडे परतणारे आपले पदगायन या योजनेस अपरिचित नाही.

येथे कक्षसंगीत व आपली बैठक यांतील भेदही ध्यानात घ्यावा. बैठकीत मुख्य कलावंत एक असतो व इतर साथ करतात. कक्षसंगीतात सर्व स्वर समान हक्काचे असतात. अजिंठ्याच्या चित्रात नर्तकी मध्यभागी आहे, पण वादक स्त्रियांपैकी कोणी एक प्रमुख दिसत नाही. केदारखेड्यासारख्या गावात हरिनाम सप्ताहात टाळकरी, पखवाजवादक व विणेकरी गोलाकार उभे राहतात तेव्हा त्यांची मांडणी याच्या जवळ जाते. हे साम्य मांडणीचे आहे. त्यावरून वंशावळ सांगणे अनैतिहासिक ठरेल.

९. निष्कर्ष

(१) भारतीय शास्त्रपरंपरेत संगीत हे चित्राचे मूळ मानले गेले. चित्रावरून संगीत ही दिशा शास्त्रात मांडली गेली नसली तरी चित्रकथीसारख्या लोकपरंपरेत ती जिवंत राहिली.

(२) अजिंठ्याच्या पहिल्या व औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील वृंद हे लहान, दालनात बसणाऱ्या वाद्यमेळाचे विश्वसनीय दृश्यपुरावे आहेत. ते वाद्यांविषयी व मांडणीविषयी साक्ष देतात. स्वरांविषयी देत नाहीत.

(३) १९२३ सालची चेरेप्निनची रचना हे अजिंठ्यावरील संगीताचे महत्त्वाचे ऐतिहासिक उदाहरण आहे. परंतु तीत मूळ वृंदाचे माप राहिले नाही. शिरालींच्या लहान वृंदाने त्या मापाकडे वाट दाखविली.

(४) आजच्या रचनाकाराने 'अजिंठ्याचे मूळ संगीत' सादर करण्याचा मोह टाळावा आणि चित्रातील संबंध, अवकाश व पाहण्याचा क्रम यांना रचनेचा आधार करावा.

अजिंठ्याच्या प्रतिकृती दोनदा जळाल्या आणि मूळ रंग दिवसेंदिवस फिके होत आहेत. जे भिंतीवर उरले आहे त्याची निगा राखणे हे पुरातत्त्व विभागाचे काम आहे; त्यातून काय ऐकावयाचे हे ठरविणे मात्र आपले काम आहे. या मातीतल्या विद्यार्थ्याने सहलीस गेल्यावर पहिल्या लेण्यातील त्या डाव्या भिंतीसमोर क्षणभर थांबावे, वादक स्त्रिया मोजाव्यात, त्यांच्या हातांतील वाद्ये ओळखावीत आणि त्यांचे संगीत कोण ऐकत आहे व कोण ऐकत नाही हे स्वतःस विचारावे. संगीतरचनेचा आरंभ त्या प्रश्नातून होऊ शकतो आणि इतिहासाच्या अभ्यासाचाही.